शिंगाच्या रंगातला भारत

कसबा बावड्यात उसाची वाहतूक करणारी एक ट्रॉली होती. तिच्या मागच्या फळीवर ठसठशीत पिवळ्या अक्षरांत 'आई-बाबांची कृ' एवढंच लिहिलेलं होतं. ट्रॉली कारखान्याच्या रांगेत उभी राहिली, की मागचा ट्रॅक्टरवाला ते वाचायचा, बुचकळ्यात पडायचा आणि वेळ जात नाही म्हणून खाली उतरून 'पा' शोधायला लागायचा. 'पा' होता. चाकावरच्या पत्र्यावर, चिखलाआड, थोडा तिरपा बसलेला होता. तो तिथं बसवणारा कारागीर मीच.

ट्रॉलीचा मालक मला म्हणाला होता, "पेंटर, फळी संपली तर संपली. पन आईबाबांची कृपा अशी वाटंत कुठं सांडतासा?"

मी पेंटर. चित्रकार नव्हे. कोल्हापुरात चित्रकाराला मान आहे आणि पेंटरला काम आहे. म्हणजे तेव्हा होतं. दुकानाच्या पाट्या, दुधाच्या कॅनवरची नावं, तालमीच्या भिंतीवरचा मारुती, निवडणुकीत भिंती आणि निवडणूक झाल्यावर त्याच भिंती पुसणं, हे सगळं पेंटरचं. आमचं खरं कसब अक्षर काढण्यात नसतं, जागा ओळखण्यात असतं. चुन्यात बुडवलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधोमध एक टिचकी मारायची. भिंतीवर सरळ पांढरी रेघ उमटते. मराठी अक्षर रेघेवर बसत नाही, रेघेला लटकतं. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं. आणि कपडे किती, दोरी केवढी, हे आधी बघायचं असतं. मी ते नंतर बघायचो.

गिऱ्हाइकं तरी कशी! कबनूरला दोन भाऊ होते, यंत्रमागवाले. त्यांच्या शेडवर मी मोठ्या भावाचं नाव आणि पुढं 'आणि ब्रदर्स' असं लिहिलं. दोघांचं भांडण झालं. मोठ्यानं मला बोलावलं, 'आणि ब्रदर्स' पुसून घेतलं. पुढच्या आठवड्यात आई मधे पडली, मिटलं. मला बोलावलं, लिहून घेतलं. दिवाळीला पुन्हा बिनसलं. शेवटी शेवटी मी मोठ्याचं नाव ऑइलपेंटमध्ये आणि 'आणि ब्रदर्स' साध्या पाण्याच्या रंगात लिहायला लागलो. ओल्या फडक्यानं काम व्हायचं. एकदा धाकट्यानं बोट लावून बघितलं आणि बोट रंगल्यावर माझ्याकडं असं बघितलं, की मी त्या दिवशी चहा न घेताच निघालो.

पुढं दोन हजार सालानंतर फ्लेक्स आलं. सकाळी फोटो द्यायचा, संध्याकाळी गल्लीएवढा बोर्ड तयार. मशीन 'कृ' लिहून झाल्यावर 'पा' विसरत नाही. लोकांना ते आवडलं. मलाही आवडलं असतं, पण पोट आड आलं. आता मी घरांना आतून रंग देतो. त्यात अक्षरं नसतात, त्यामुळं चुका कमी होतात, आणि खरं सांगायचं तर गंमतही कमी होते.

पण माझ्या सगळ्या चुकांत एक चूक एवढी मोठी आहे, की तिच्यापुढं ट्रॉलीची फळी म्हणजे पोस्टाचं तिकीट. ती चूक देशाएवढी आहे. अतिशयोक्ती नाही, अक्षरशः देशाएवढी.

सत्त्याण्णव साल. स्वातंत्र्याची पन्नाशी. ऑगस्टच्या सुरुवातीला एक बाई माझ्या शेडपुढं येऊन उभी राहिली. नऊवारी, खांद्यावर घोंगडं, हातात छत्री आणि आवाज असा, की पलीकडचा सायकलवाला हातातला पंप सोडून बघायला लागला.

"पेंटर तुमीच न्हवं?"

"व्हय की."

"भारत काढता येतोय का?"

"आक्का, भारत काय घेऊन बसलायसा? पृथ्वी काढतो!"

"पृथ्वी नगं. भिंत ल्हान हाय."

ती शाहूवाडी तालुक्यातल्या एका डोंगरावरच्या गावची सरपंच होती. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं दिवाळी अंक वाचतात आणि माझा पत्ता त्यांना ठाऊक आहे. सगळे तिला आक्काच म्हणायचे. जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून नवऱ्यानं तिला उभं केलं होतं, 'तू निस्ती सही कर, बाकीचं मी बघतो' असं सांगून. निवडून आल्यावर पहिल्याच सभेत तिनं नवऱ्याला सांगितलं, "सभासद न्हाई त्यानं भाईर बसायचं." तेव्हापासून नवरा बाहेर बसायचा आणि सभा संपली की विचारायचा, काय ठरलं.

आक्कानं मला काम समजावून सांगितलं. गावात शाळा होती ती चौथीपर्यंत. पाचवीची शाळा घाटाखाली, आणि मधे ओढा. पोरांना कुणी पाहुण्यांकडं ठेवायचं, कुणी मलकापुराकडं पाठवायचं. पोरी मात्र चौथी झाली की म्हशीमागं जायच्या. आक्काची स्वतःची पोरगी सुमन त्या वर्षी चौथी पास होऊन जूनपासून म्हशी राखत होती. गावानं मिळून, भाताची लावणी सांभाळून, शाळेला लागून एक खोली उभी केली होती. पंधरा ऑगस्टला पंचायत समितीचे साहेब झेंड्याला येणार होते आणि खोली बघून पाचवीचं काय ते ठरवणार होते.

"खोली तयार हाय," आक्का म्हणाली. "पन ती अजून गोठ्यावानी दिसतीया. साहेबाच्या तोंडातनं 'वर्ग' असा शब्द आला पायजे. म्हणून गुरुजी म्हनले, भाईरच्या, पडवीतल्या भिंतीवर भारत काढा."

"काळजी सोडा," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा उच्चारलंय, तेव्हा तेव्हा समोरच्यानं काळजी करायला सुरुवात करायला हवी होती.

चौदा तारखेला सकाळच्या एसटीनं मी गेलो. रंगाचे डबे, ब्रश आणि गुंडाळी करून खाका. खाका म्हणजे काय, ते सांगतो. मोठं चित्र दर वेळी हातानं काढत बसलं तर दिवस पुरत नाही. म्हणून ते एकदाच कागदावर काढायचं आणि रेघांवर दाभणानं बारीक भोकं पाडायची. तो कागद भिंतीवर लावायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटत जायची. कागद काढला, की भिंतीवर काळ्या ठिपक्यांनी चित्र तयार. मग ठिपके जोडायचे आणि रंग भरायचा. बिनचूक काम. एकच पथ्य आहे: कागदाला पुढची बाजू असते आणि मागची बाजू असते. भोकं दोन्हीकडून सारखीच दिसतात.

मी गेलो तेव्हा वारा होता आणि भुरभुर चालू होती. कागद भिंतीला लावताना तो पाखरासारखा फडफडत होता. चार जणांनी चार कोपरे धरले. शिवाय माझ्याभोवती गाव जमलेलं, आणि मी माणसं जमली की गप्प बसणारा नव्हे. मी त्यांना कबनूरच्या भावांची गोष्ट सांगत होतो. ऐन रंगात येऊन 'बोट लावून बघितलं' असं म्हणताना मी हात उडवला, माझा कोपरा सुटला, कागद उडाला, लोकांनी पकडून आणला, आम्ही पुन्हा लावला. कुठल्या बाजूनं लावला ते आता तुम्ही ओळखलंच असेल. मी नाही ओळखलं.

आता तुम्ही म्हणाल, रंग भरताना कळलं कसं नाही? अहो, पेंटर भिंतीला नाक लावून काम करतो. माझ्यापुढं भारत नव्हताच. एका वेळी वीतभर भिंत होती. नावं लिहायची नव्हती, ती गुरुजी पोरांकडून खडूनं लिहवून घेणार होते. मी फक्त राज्यं वेगवेगळ्या रंगांत भरली, दोन्ही अंगांना आणि खाली समुद्र केला, आणि शेवटी कोल्हापूरचा लाल ठिपका दिला. कोल्हापूर कुठं असतं ते मला पाठ होतं: डाव्या हाताला, खालच्या अंगाला, समुद्राजवळ. तिथं दिला.

आणि त्या ठिपक्यानं घात केला. कारण संध्याकाळी अख्खं गाव नकाशा बघायला आलं आणि प्रत्येकानं पहिल्यांदा विचारलं, "कोल्हापूर कुठं हाय?" मी ठिपका दाखवायचो. "हां. बराबर." माणूस नकाशात आधी आपलं गाव बघतो. ते जागेवर असलं, की देशही जागेवर आहे असं समजून घरी जातो. कांबळे गुरुजी मैदानात पोरांची कवायत घेत होते. त्यांनी झेंड्याच्या खांबाजवळूनच बघितलं आणि हात उंचावून "छान!" म्हणाले.

मी असा फुगलो, की उरलेल्या रंगात गावातल्या दारादारांवर फुकट 'सुस्वागतम' लिहीत फिरलो. डबे घासून पुसून कोरडे केले.

पंधरा ऑगस्टची सकाळ. उजाडल्या उजाडल्या हवालदार आबा शाळेत आले. आबा सैन्यातून निवृत्त झालेले. दर पंधरा ऑगस्टला कोटावर पदकं लावून सगळ्यांच्या आधी हजर. मी पडवीत चूळ भरत होतो. आबा नकाशासमोर उभे राहिले. मग डावीकडं सरकले. मग उजवीकडं सरकले. मग मान वाकडी केली.

"पेंटर, ह्यो भारत कुठला?"

"म्हंजे? भारत एकच की, आबा."

"मी कच्छच्या रणात पहारा दिलाय. पाकिस्तान डाव्या हाताला हुता. आता रण हिकडं उजव्या हाताला कसं आलं?"

आक्काचा नवरा तिथंच होता. तो म्हणाला, "आबा, तुमी उलटं उभं ऱ्हायलासा."

"भिंतीकडं तोंड करून उभा हाय. उलटं हून भिंतीकडं पाठ करू व्हय?"

"तसं न्हवं, तवा तुमी तिकडनं हिकडं बघत हुतासा, आता हिकडनं तिकडं बघतासा."

आबा बिचारे खरंच गोंधळले. त्यांनी पाठ फिरवली, खांद्यावरून मागं वळून बघितलं, दोन्ही हात लांब करून डावा-उजवा ताडून बघितला. मी पहिल्यांदाच भिंतीपासून दहा पावलं मागं गेलो आणि बघितलं. गुजरात बंगालच्या उपसागरात तोंड घालून बसलं होतं. आसाम अरबस्तानाच्या दिशेनं निघालं होतं. श्रीलंकेनं बाजू बदलली होती. आणि मी ज्या राज्याला महाराष्ट्र समजून कोल्हापूर दिलं होतं, ते आंध्र प्रदेश होतं.

तेवढ्यात गुरुजी आले. कांबळे गुरुजी गावच्या बौद्धवाड्यातलेच. इस्त्रीचा पांढरा सदरा, पट्टीसारखा ताठ माणूस. त्यांनी बघितलं. खाली पायरीवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पेंटर," ते अगदी शांतपणे म्हणाले, "येणारे साहेब आधी हायस्कुलात शिक्षक होते. विषय सांगू?"

"नगा सांगू, गुरुजी."

"भूगोल."

आक्का आली. तिला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नकाशाकडं नाही, खोलीच्या दाराकडं बघत राहिली. दारात सुमन उभी होती. वेणी घालून, चौथीचाच गणवेश लांब करून घातलेला. तिला त्या दिवशी म्हशींपासून सुट्टी मिळाली होती.

"ताडपत्री टाकू," मी म्हणालो. "न्हाईतर साहेबाची खुर्ची अशी ठेवू, की नकाशा पाठीमागं जाईल."

"आन् साहेब काय मान घरी ठिवून येनार हाय?" आक्का म्हणाली. "ज्या शाळंत भारत उलटा हाय, तिथं पाचवी कोन देईल वो, पेंटर?"

मी नकळत भिंतीवर हात टेकला, आणि हात हिरवा झाला. श्रावणातल्या त्या दमट हवेत रंग रात्रभर वाळलाच नव्हता! आयुष्यात पहिल्यांदा मला न वाळलेल्या रंगाचा आनंद झाला.

"आक्का, घासलेट हाय?"

"किती?"

"भारत पुसण्याइतकं."

आक्का मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिनं अशी हाक दिली, की साहेब वाटेत असते तर परत गेले असते. घरोघरीचं रेशनचं घासलेट यायला लागलं. बाटल्या, चिमणीतलं ओतून आणलेलं, स्टोव्हच्या टाकीसकट. त्या गावात पाणी भरायच्या जागा दोन होत्या, आणि का होत्या ते मी सांगायला नको. घासलेटाला मात्र जागा एकच होती: माझी बादली. वरच्या आळीची माणसं आणि बौद्धवाड्यातली माणसं एकाच बादलीत बोळे बुडवून एकच भिंत पुसत होती. काही क्षण सगळी राज्यं मिसळून एक चिखलाळ रंगाचा गोळा झाला. मग चुलीतली राख आणून चोळली, पोत्यांनी पुसली. भिंत कोरडी झाली. गुरुजींनी स्वतः खाका लावला, माझ्या हातात कागद दिला नाही. पुरचुंडी तेवढी दिली, तीसुद्धा "बोलायचं नाही" या अटीवर.

ठिपके उमटले. कच्छ डावीकडं आलं. आबांनी सलाम ठोकला.

"हां, आता भरा रंग," आक्का म्हणाली.

मी डब्यांकडं बघितलं. मग गावातल्या दारांकडं बघितलं. प्रत्येक दार माझं 'सुस्वागतम' करत होतं. रंग सगळा तिथं होता.

मी ते कसं सांगितलं, आठवत नाही. आक्काचं उत्तर आठवतं. "पेंटर, तुमी लगीन करून आलासा तर नवरी इसरून यालसा." मग ती थांबली. "आवो, बेंदराचा रंग हाय की घरात!"

आमच्याकडं आषाढात बेंदूर असतो. बैलांना न्हाऊ घालतात, शिंगं रंगवतात. घरोघरी कोनाड्यात त्या रंगाचे अर्धे राहिलेले डबे असतात. ते आले. लाल, हिरवा, पिवळा, आणि बैलांचा लाडका राणी रंग तर सगळ्यांत जास्त. देशातली राज्यं रंगवायला मी तोवर कधी राणी रंग वापरला नव्हता, पण पर्याय नव्हता. अडलं ते समुद्राशी. निळा कुणाकडंच नव्हता; निळ्या शिंगांचा बैल कुणी बघितलाय?

गुरुजी निघून गेले आणि मोठा डबा घेऊन आले. बौद्धवाड्यातल्या विहाराला नुकताच रंग दिला होता, त्यातला उरलेला निळा. झाकण उघडत म्हणाले, "समुद्र आमच्याकडं लागला."

"तिन्ही बाजूंनी," आबा म्हणाले.

ब्रश माझे दोनच. बाकीच्यांनी काड्यांना चिंध्या बांधल्या. रेघा मी मारल्या, आत ज्याला जे राज्य सापडलं ते त्यानं भरलं. आबांनी गुजरात कुणाला हात लावू दिलं नाही. सुमन आणि तिच्याबरोबरच्या पोरींनी उत्तर प्रदेश राणी रंगात बुडवला आणि मग पोरींचे हात कोपरापर्यंत राणी झाले. महाराष्ट्रावरून भांडण झालं, म्हणून तो सगळ्यांनी थोडा थोडा भरला. आबा मधेच म्हणाले, "पन्नास वर्सं झाली न्हवं देशाला? मानूस पन्नाशीला कंबर धरून बसतो. ह्येला आत्ता कुठं मिसरूड फुटाय लागलंय."

हे सगळं व्हायला वेळ मिळाला तो ओढ्यामुळं. रात्रीच्या पावसानं ओढा चढला होता. साहेबांची जीप पलीकडच्या काठावर अडकली. पाणी उतरायची वाट बघून शेवटी साहेब पँट गुडघ्यावर दुमडून, बूट हातात घेऊन, दोघांचे हात धरून चालत आले. आम्ही ब्रश लपवतोय तोच ते मैदानात. उंच, गोरे, अंगात पांढराशुभ्र सदरा, कमरेखाली चिंब.

पुन्हा भुरभुर सुरू झाली. साहेब पडवीत चढले आणि पागोळ्या चुकवायला एक पाऊल मागं सरले. मी "साहेब!" म्हणेपर्यंत ते भिंतीला टेकले होते.

गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

"चला, वेळ झाली," असं म्हणून साहेब भिंतीपासून सुटले आणि झेंड्याकडं चालू लागले. मागं अख्खं गाव रांगेत. साहेबांनी दोरी ओढली, झेंडा फडकला, राष्ट्रगीत सुरू झालं. आणि सगळ्यांच्या समोर साहेबांची पाठ. तिच्यावर राणी रंगाचा उत्तर प्रदेश, खाली हिरवा-पिवळा डाग, आणि कमरेपाशी विहाराचा निळा समुद्र. राष्ट्रगीताला हलायचं नसतं. गाव हललं नाही. पण त्या दिवशीच्या राष्ट्रगीताचा सूर आतल्या आत असा थरथरत होता, की साहेबांना वाटलं, लोक भावनेनं भारावलेत. नंतरच्या भाषणात त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. म्हणाले, "या नवभारताचा भार आता आपण सर्वांनी उचलायचा आहे."

आबांना राहवलं नाही. "साहेब, तुमी तर आदीच पाठीवर घेतलाय की!"

मग मात्र बांध फुटला. पोरं लोळली. बायकांनी पदर तोंडात कोंबले. साहेबांनी सदरा काढला, उलटा करून बघितला, आणि मग सावकाश वळून भिंतीकडं गेले. उत्तर प्रदेशाच्या जागी त्यांच्या खांद्यांचा ठसा होता. मी खांबामागं उभा. साहेबांनी नकाशा वरपासून खालपर्यंत बघितला, कोल्हापूरवर बोट ठेवल्यासारखं केलं, पण शहाणपणानं ठेवलं नाही.

"नकाशा बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हा राणी रंग कुठल्या राज्याला शोभतो हो?"

"आमच्या सर्ज्याला लई शोभतो," आबा म्हणाले. सर्ज्या त्यांचा बैल.

साहेबांना आबांचाच एक जाडाभरडा सदरा घालायला दिला. ते खोलीत गेले. खिडक्या बघितल्या, फळा बघितला, जमीन बघितली. आम्ही सगळे दारात गर्दी करून. बाहेर आले आणि त्यांच्या तोंडातून तो शब्द आलाही.

"वर्ग छान केलात. पण पाचवीचं पुढच्या जूनमध्ये बघू. एवढ्या थोड्या मुलांसाठी आत्ता घाई कशाला? खालची शाळा जवळच आहे की."

आक्काचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसा बघितला नाही. गुरुजी "साहेब, चौथीबरोबर पाचवीही मीच शिकवीन..." असं म्हणायला लागले आणि थांबले.

"जवळ हाय व्हय, साहेब?" सुमन म्हणाली. राणी रंगाचे हात पाठीमागं लपवून ती पुढं आली होती. "मग तुमची पँट का वली हाय?"

"ए, गप!" आक्का ओरडली.

साहेबांनी खाली बघितलं. पँटच्या दुमडीतून अजून थेंब पडत होते. त्यांनी पोरीकडं बघितलं, मग डोंगराखाली, जिथून ओढ्याचा आवाज येत होता तिकडं बघितलं. आणि मग तो माणूस हसायला लागला. आबांच्या सदऱ्यात, ओल्या पँटमध्ये, एवढा मोठ्यानं हसला, की गावातली कुत्री भुंकायला लागली.

"उद्यापासून बसवा पोरींना," ते गुरुजींना म्हणाले. "कागदाचं मी बघतो. आणि सोमवारी सदरा पाठवून द्या. धुऊ नका हं. मला घरी दाखवायचाय."

नंतर काय काय झालं ते सांगत बसत नाही. जिलेबी झाली. साहेबांना ओढ्यापलीकडं सोडून माणसं परत आली. आक्कानं नवऱ्याला सगळ्यांदेखत जिलेबी भरवली आणि तो लाजून आत पळाला. मी माझे कोरडे डबे गोळा करत होतो. ओढ्यापलीकडून दुपारची एसटी पकडायची होती. शाळा रिकामी झाली असेल असं समजून मी नव्या खोलीत ब्रश शोधायला डोकावलो, तर आत पोरी बसलेल्या. जमिनीवर, ओळीनं, मांडी घालून. सुमन सगळ्यांत पुढं.

गुरुजी दारात आले. "अगं, आज सुट्टी आहे. उद्यापासून. घरी जा."

"न्हाई," सुमन म्हणाली. "उठलो आन् साहेबानं परत न्हाई म्हटलं तर?"

"साहेब गेले ओढ्यापलीकडं."

"ते बी ओढा वलांडून आलेच की मगाशी."

गुरुजींनी तिच्याशी वाद घातला नाही. टोपी सरळ केली, कोनाड्यातला खडू घेतला आणि फळ्यावर एक मोठी फुली काढली. वर, खाली, डावीकडं, उजवीकडं.

"बरं. पाचवी. विषय भूगोल. दिशा किती?"

"चार!" पोरी ओरडल्या.

मी हळूच ब्रश उचलून निघालो होतो.

"पेंटर," गुरुजी फळ्याकडंच तोंड ठेवून म्हणाले, "तुम्ही कुठं निघालात? बसा. मागच्या रांगेत जागा आहे."

माझी एसटी चुकली.